हार्लेमच्या भाड्याची गोष्ट

गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरात एकाच वेळी दोन शोध चालू होते. माझी बदली झाली होती, म्हणून मी आणि माझे मिस्टर भाड्याचं घर शोधत होतो. आणि बी.ए.च्या पहिल्या वर्षाला असलेला मुलगा कॉलेजच्या प्रकल्पासाठी ‘जॅझ युगातील अमेरिकेचे दैनंदिन जीवन’ या विषयावर माहिती शोधत होता.

शहर नवं होतं. शाळा जवळ असावी, पाण्याची सोय असावी, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर असावं, एवढीच आमची अपेक्षा. फोन मी लावायचे. मराठी ही माझी शिकवण्याची भाषा, त्यामुळे बोलणं छान व्हायचं. भाडं ठरायचं, डिपॉझिट ठरायचं, “उद्या येऊन पाहून जा” इथवर गाडी यायची. मग समोरून प्रश्न यायचा, “नाव काय म्हणालात?” नाव सांगितलं की दोन सेकंदांची शांतता. त्यानंतर “मिसेसना विचारून सांगतो”, किंवा “सोसायटीचा नियम आहे हो”, किंवा “आत्ताच दुसऱ्या पार्टीनं टोकन दिलं”. एका दुपारी मी पाच फोन केले. पाचही ठिकाणी शांतता तेवढीच लांब होती.

त्याच संध्याकाळी मुलानं मला लॅपटॉपवर एक चित्र दाखवलं. केस कानापर्यंत कापलेल्या, गुडघ्यापर्यंत झगे घातलेल्या गोऱ्या मुली नाचताहेत, आणि मागे काळे कोट घातलेले काळे वादक वाजवताहेत. “अम्मी, काय मजेत राहायचे हे लोक!” तो म्हणाला. माझं डोकं दिवसभराच्या फोनांनी भणभणलेलं. मी एवढंच विचारलं, “हे मागचे वाजवणारे कुठे राहायचे रे?”

त्याला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. मग आम्ही दोघांनी मिळून ते शोधायला घेतलं. हा लेख त्या शोधातून आला आहे.

आधी नेहमी सांगितली जाणारी गोष्ट सांगते. ‘जॅझ युग’ हे नाव रूढ झालं ते एफ. स्कॉट फिट्झजेराल्ड या लेखकामुळे. त्याच्या कथासंग्रहाचं नावच ‘टेल्स ऑफ द जॅझ एज’. तो १९२२ साली आला. पहिलं महायुद्ध संपल्यापासून ऑक्टोबर १९२९ मध्ये न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळेपर्यंतचा हा साधारण दहा-अकरा वर्षांचा काळ. १९२० च्या जनगणनेत अमेरिकेत पहिल्यांदाच गावांपेक्षा शहरांत जास्त लोक राहतात असं दिसलं. त्याच वर्षी स्त्रियांना देशभर मताधिकार मिळाला. २ नोव्हेंबर १९२० च्या रात्री पिट्सबर्गच्या केडीकेए केंद्रानं अध्यक्षीय निवडणुकीचे निकाल रेडिओवरून सांगितले, आणि पुढच्या काही वर्षांत रेडिओची पेटी दिवाणखान्यात येऊन बसली. फोर्डची मॉडेल टी मोटार दशकाच्या मध्याला तीनशे डॉलरच्या आत मिळू लागली. मोटार, धुलाईयंत्र, रेडिओ, सगळं हप्त्यांवर घ्यायची सवय लोकांना याच काळात लागली. ऑक्टोबर १९२७ मध्ये ‘द जॅझ सिंगर’ आला आणि सिनेमा बोलू लागला. त्यात अल जॉल्सन हा गोरा नट तोंडाला काळं फासून गातो. नावात जॅझ, चेहऱ्यावर काळा रंग, पण नट गोरा. या एका गोष्टीत त्या काळाचं बरंच काही आलं.

दारूबंदीही याच काळातली. जानेवारी १९२० मध्ये ती लागू झाली आणि डिसेंबर १९३३ मध्ये उठली. आमच्या घरात शराब हराम, त्यामुळे हे वाचताना सुरुवातीला मला बरंच वाटलं. पुढे वाचलं तेव्हा कळलं की कायद्यानं पिणं थांबलं नाही, फक्त धंदा गुंडांच्या हातात गेला. शिकागोचा अल कपोन त्यातूनच मोठा झाला. चोरून दारू विकणाऱ्या अड्ड्यांना गिऱ्हाईक खेचायला गाणं लागायचं, आणि ते गाणं वाजवायला काळे वादक लागायचे. नव्या संगीताच्या पोटापाण्याची सोय अशी काही अंशी बेकायदा धंद्यातून झाली.

पण आमचा प्रश्न वेगळा होता. हे लोक आले कुठून, आणि राहिले कुठे?

१९१० साली अमेरिकेतल्या दर दहा काळ्या माणसांपैकी जवळजवळ नऊ जण दक्षिणेकडच्या राज्यांत राहत होते. गुलामी १८६५ मध्ये संपली होती. पण बटईची शेती, सावकाराचं कधीच न फिटणारं कर्ज, बसायच्या वेगळ्या जागा, वेगळ्या शाळा आणि झाडाला लटकावून मारणारे जमाव संपले नव्हते. त्यात कापसावर बोंडकिडा आला आणि शेतं उजाड झाली. महायुद्धामुळे युरोपातून येणारे मजूर थांबले तेव्हा उत्तरेकडच्या कारखान्यांना माणसं हवी झाली, आणि लाखो काळी कुटुंबं बोचकी बांधून आगगाडीत बसली. रॉबर्ट ॲबट यांचं ‘शिकागो डिफेंडर’ हे वर्तमानपत्र त्यांना उत्तरेला बोलवत होतं. दक्षिणेत ते उघडपणे वाचायची सोय नसे. पुलमन गाड्यांतले काळे हमाल-नोकर गठ्ठे लपवून न्यायचे, मग एक अंक हातोहात फिरायचा. ज्याला वाचता येई तो मोठ्यानं वाचे, बाकीचे ऐकत. माझे आजोबा चावडीसमोरच्या हॉटेलात उर्दू अखबार असाच वाचून दाखवायचे, म्हणून हे चित्र मला चटकन दिसलं.

याच लोंढ्यात ऑगस्ट १९२२ मध्ये न्यू ऑर्लिन्सचा एकवीस वर्षांचा एक पोरगा शिकागोच्या गाडीत बसला. वाटेत खायला आईनं माशाचं सँडविच बांधून दिलं होतं. त्याचं नाव लुई आर्मस्ट्राँग. शिकागोच्या दक्षिण भागातल्या लिंकन गार्डन्स या नाचघरात किंग ऑलिव्हरच्या ताफ्यात दुसरा कॉर्नेट वाजवायला त्याला बोलावणं आलं होतं. पुढे जगानं त्याला उस्ताद मानलं. त्या दिवशी मात्र तो नोकरीसाठी गाव सोडणारा एक पोरगा होता.

न्यू ऑर्लिन्स वाचताना मला एक अनपेक्षित ओळख भेटली. जॅझ जिथे रुजला त्या वस्त्यांपैकी एक म्हणजे ट्रेमे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तिथे बंगालच्या हुगळी जिल्ह्यातले मुसलमान फेरीवाले राहत होते. चिकनकामाचे रुमाल, उशांचे अभ्रे, रेशमी कापड असा माल ते विकायचे. उन्हाळ्यात न्यू जर्सीच्या समुद्रकाठच्या गावांत, हिवाळ्यात न्यू ऑर्लिन्समध्ये. गोऱ्या वस्तीत त्यांना कोण घर देणार? ते काळ्यांच्या वस्तीत राहिले, काहींनी तिथल्याच बायकांशी लग्नं केली. इतिहासकार विवेक बाल्ड यांनी ‘बेंगॉली हार्लेम’ या पुस्तकात ही माणसं कागदपत्रांतून शोधून काढली आहेत. पुढे १९१७ च्या कायद्यानं आशियातल्या बहुतेक लोकांना अमेरिकेचं दार बंद झालं. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हिंदुस्थानी माणूस ‘गोरा’ नाही, म्हणून त्याला नागरिकत्व नाही. तरी बोटींवरचे खलाशी बंदरात उतरून नाहीसे होत राहिले. त्यातले कित्येक न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये जाऊन राहिले. ज्यांना कुणी जागा देत नव्हतं, त्यांना त्या वस्तीनं सामावून घेतलं.

आता हार्लेम. ही वस्ती काळ्यांसाठी बांधलेलीच नव्हती. भुयारी रेल्वे येणार म्हणून बिल्डरांनी खात्यापित्या गोऱ्या कुटुंबांसाठी तिथे सुंदर इमारती उठवल्या. गरजेपेक्षा जास्त उठवल्या. १९०४-०५ च्या सुमारास बाजार पडला आणि घरं रिकामी राहिली. तेव्हा फिलिप पेटन नावाच्या काळ्या व्यावसायिकानं मालकांना सांगितलं, माझी माणसं भाडं देतील, तुम्ही जागा द्या. मालकांनी दिली, कारण रिकाम्या घरापेक्षा जास्त भाडं देणारा भाडेकरू परवडतो. हो, जास्त. ज्याला शहरात दुसरीकडे कुठे जागाच मिळत नाही, त्याच्याकडून हवं ते भाडं मागता येतं. हार्लेममधलं काळं कुटुंब तशाच खोल्यांसाठी गोऱ्या कुटुंबापेक्षा जास्त भाडं भरत होतं, आणि त्याची कमाई मात्र कमी होती. बायका दुसऱ्यांच्या घरी धुणीभांडी आणि स्वयंपाक करायच्या. पुरुष लिफ्ट चालवायचे, गोदीत ओझी उचलायचे, हॉटेलात दार उघडायचे.

मग महिन्याचं गणित कसं जुळवायचं? एक मार्ग म्हणजे पोटभाडेकरू ठेवणं. कित्येक घरांत एकच खाट दोन पाळ्यांत वापरली जायची. रात्रपाळीचा माणूस सकाळी येऊन झोपे, तेव्हा दिवसपाळीचा उठून कामावर गेलेला असे.

दुसरा मार्ग म्हणजे भाड्याची मैफल. घरभाडं भरायला पैसे कमी पडताहेत असं दिसलं की बाई छोटी छोटी कार्डं छापून घ्यायची. त्यावर तारीख, पत्ता आणि यमक जुळवलेल्या दोन ओळी. ‘भाड्यासाठी मदत करा’ असं कुणी लिहीत नसे. लिहीत ते ‘स्नेहमेळावा’ किंवा ‘पत्त्यांचा डाव’. गरिबीलाही आपली अब्रू असते. ही कार्डं ओळखीच्यांना वाटायची, लिफ्टच्या जाळीत अडकवायची. कवी लँगस्टन ह्यूज यांना ती इतकी आवडली की ते ती जमवू लागले. त्यांचा संग्रह आज येल विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे.

शनिवारी रात्री खोलीतल्या खाटा, कपाटं शेजाऱ्यांकडे सरकवायची. दिव्यांना रंगीत कागद लावायचा. दारात पंचवीस सेंटच्या आसपास पैसे घ्यायचे. आत तळलेले मासे, भात, डुकराचे खूर आणि घरी गाळलेली चोरटी दारू विकायची. आणि कोपऱ्यात पियानो. ढोल नाही, तुतारी नाही, एकट्या पियानोनं अख्खं घर नाचवायचं. त्यासाठी डावा हात खालच्या सुरांवर सतत लांब उड्या मारत ताल धरतो आणि उजवा वर हवं ते खेळतो. याला ‘स्ट्राइड’ म्हणतात. ही शैली या दाटीवाटीच्या घरांतच वाढली. जेम्स पी. जॉन्सन, विली ‘द लायन’ स्मिथ आणि फॅट्स वॉलर हे तिचे मोठे वादक. एका रात्रीत दोन-तीन घरं करायची, एकमेकांना हरवायचं, पहाटेपर्यंत वाजवायचं. १९२३ साली ज्या ‘चार्ल्सटन’ गाण्यावर सगळी गोरी अमेरिका गुडघे वाकवून नाचू लागली, ते या जॉन्सनचंच. माझ्या मुलानं दाखवलेल्या चित्रातल्या मुली बहुधा तोच नाच नाचत असाव्यात.

फॅट्स वॉलरचे वडील धार्मिक वृत्तीचे, प्रवचन करणारे. मुलानं चर्चमध्ये ऑर्गन वाजवावा, हे असलं सैतानी संगीत वाजवू नये, असं त्यांचं म्हणणं. काळ्या चर्चमधली कित्येक वडीलधारी मंडळी असंच म्हणत. गोऱ्यांच्या मासिकांतही जॅझमुळे तरुण पोरी बिघडतात असे लेख येत होते. गाणं-बजावणं हलाल की हराम यावर आमच्या घरांतही जेवणाच्या दस्तरखानावर वाद झडतात. त्या वादात मी इथे शिरत नाही. पण बापलेकांमधला तो ताण मी ओळखते.

शनिवारच का, तर आठवड्याचा पगार शनिवारी व्हायचा. दुसरा दिवस गुरुवार. घरकाम करणाऱ्या बायकांना गुरुवारी संध्याकाळी सुट्टी असायची. मार्च १९२६ मध्ये लेनॉक्स ॲव्हेन्यूवर ‘सॅव्हॉय’ हे भव्य नाचघर उघडलं, तिथे तर गुरुवारच्या रात्रीला गमतीनं ‘स्वयंपाकघरातल्या मेकॅनिकांची रात्र’ म्हणत. आठवडाभर दुसऱ्याच्या मोरीत हात घालणारी बाई त्या रात्री चांगला झगा घालून चकचकीत लाकडी फरशीवर नाचायची. सॅव्हॉयमध्ये काळे-गोरे दोघांनाही प्रवेश होता.

त्याच रस्त्यावर थोड्याच अंतरावर ‘कॉटन क्लब’ होता. मालक ओनी मॅडन नावाचा गुंड. डिसेंबर १९२७ पासून तिथे ड्यूक एलिंग्टन यांचा ताफा वाजवू लागला. रंगमंचावरचे सगळे काळे, आणि प्रेक्षक मात्र फक्त गोरे. हार्लेमच्या मधोमध असलेल्या त्या क्लबात हार्लेमच्या माणसाला गिऱ्हाईक म्हणून बसता येत नव्हतं. तिथलं संगीत रेडिओवरून देशभर जायचं. ज्या गोऱ्या वस्त्यांनी काळ्या माणसाला घर न देण्याचे करार केले होते, त्या वस्त्यांतल्या दिवाणखान्यांत रोज रात्री त्याचं संगीत ऐकलं जात होतं.

गाणं किती लांब गेलं पाहा. शिकागोच्या व्हेन्डोम थिएटरच्या वाद्यवृंदात आर्मस्ट्राँगबरोबर टेडी वेदरफर्ड नावाचा पियानोवादक होता. १९२६ मध्ये तो पूर्वेकडे निघाला, शांघायसारख्या शहरांत वाजवत राहिला, आणि पुढे मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. लिऑन ॲबी यांचा काळ्या वादकांचा ताफा १९३५ मध्ये तिथे येऊन गेला होता. त्यांच्याकडे पाहून, त्यांच्याबरोबर वाजवून गोव्याचे तरुण वादक जॅझ शिकले. त्यांतला अँतोनियो झेवियर वाझ ‘चिक चॉकलेट’ या नावानं गाजला आणि सी. रामचंद्र यांच्याबरोबर सिनेसंगीतात आला. १९५१ च्या ‘अलबेला’मध्ये भगवानदादा ज्या तुताऱ्यांच्या तालावर नाचतात, त्यांच्यामागे ही सगळी वाट आहे. माझे अब्बा ती गाणी रेडिओवर लागली की वजू करता करता थांबायचे. वेदरफर्ड १९४५ मध्ये कलकत्त्यात पटकीनं गेला.

गाणं सगळ्यांच्या घरात पोचलं. माणसाला घर मिळवताना काय सोसावं लागलं, ते आता सांगते.

शिकागोत १ जुलै १९१७ ते १ मार्च १९२१ या काळात ५८ घरांवर बाँब टाकले गेले. काळ्या कुटुंबांनी गोऱ्या वस्तीत घेतलेली घरं आणि त्यांना घर विकणाऱ्या दलालांची घरं. हा आकडा शिकागोच्या वंशसंबंध आयोगाच्या अहवालातला आहे. जुलै १९१९ मध्ये यूजीन विल्यम्स नावाचा सतरा वर्षांचा काळा मुलगा मिशिगन सरोवरात पोहताना गोऱ्यांच्या बाजूला वाहत गेला. त्याला दगड मारले गेले, तो बुडाला, आणि दंगल पेटली. त्यात ३८ माणसं मेली.

डेट्रॉइटमध्ये डॉ. ऑसियन स्वीट या काळ्या डॉक्टरनं १९२५ साली गार्लंड ॲव्हेन्यूवर १८,५०० डॉलरला घर घेतलं. बाजारभावापेक्षा बरंच जास्त. ८ सप्टेंबरला ते पत्नी ग्लॅडिससह राहायला आले. दुसऱ्या रात्री घरासमोर शेकडोंचा जमाव. पोलीस उभे होते, तरी दगड येत राहिले. घरातून गोळ्या सुटल्या, बाहेरचा एक गोरा माणूस मेला. घरातल्या अकराही जणांवर खुनाचा खटला भरला गेला. क्लॅरेन्स डॅरो या नामांकित वकिलानं बाजू मांडली. ज्यूरीतले सगळे गोरे. पहिल्या खटल्यात त्यांचं एकमत झालं नाही. मे १९२६ मध्ये डॉक्टरांचा भाऊ हेन्री निर्दोष सुटला आणि पुढे बाकीच्यांवरचे आरोपही मागे घेतले गेले.

पण त्याच मे महिन्यात वॉशिंग्टनमध्ये वेगळंच घडत होतं. काळ्यांनी अमुक रस्त्यावर राहू नये असा कायदा शहराला करता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९१७ मध्येच सांगितलं होतं. मग घरमालकांनी आपापसांत खाजगी करार केले की आम्ही काळ्यांना घर विकणार नाही, भाड्यानं देणार नाही. कॉरिगन विरुद्ध बकली या खटल्यात २४ मे १९२६ रोजी न्यायालयानं हे करार तसेच राहू दिले. सरकारनं भेदभाव करायचा नाही, पण शेजाऱ्यांनी मिळून केला तर तो त्यांचा खाजगी मामला. अशा करारांची अंमलबजावणी न्यायालयं करणार नाहीत, हे ठरायला १९४८ साल उजाडलं. हे वाचताना मला फोनवरचं “सोसायटीचा नियम आहे हो” ऐकू आलं. आपल्याकडेही २००५ साली सर्वोच्च न्यायालयानं अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण सोसायटीचा, सभासद फक्त पारशीच असतील हा नियम वैध ठरवला.

मराठी माणसाला अमेरिकेतली ही लढाई परकी नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेत गुलामी संपवण्यासाठी झटलेल्या लोकांना. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठात शिकले. ते हार्लेमला अगदी लागून आहे. १९१७ मध्ये ते बडोद्याला नोकरीवर गेले तेव्हा या उच्चशिक्षित माणसाला शहरात राहायला जागा मिळेना. नाव बदलून ते एका पारशी खानावळीत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढलं. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्राला त्यांनी विचारलं, दोघांनीही सबबी सांगितल्या. सार्वजनिक बागेत बसून त्यांनी मुंबईच्या गाडीची वाट पाहिली. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत हे सगळं त्यांनीच लिहून ठेवलं आहे.

इथवर लिहून मी थांबले असते तर हा लेख लिहायला सोपा गेला असता. पण त्याच पुस्तिकेत दौलताबादची आठवण आहे. १९३४ साली बाबासाहेब आणि सोबतची मंडळी किल्ला पाहायला गेली. रमजानचा महिना होता. त्यांनी दाराजवळच्या हौदाच्या पाण्यानं हातपाय धुतले. तेव्हा ‘पाणी बाटवलं’ म्हणून अंगावर धावून आले ते मुसलमान होते. उर्दूच्या तासाला मी मसावात, बराबरी हे शब्द फळ्यावर लिहिते, तेव्हा ही आठवण माझ्या मागे उभी असते.

हार्लेम आणि शिकागोतही हे होतंच. दक्षिणेतून नव्यानं आलेल्यांकडे उत्तरेतले जुने, स्थिरावलेले काळे लोक नाक मुरडून पाहत. रस्त्यावर मोठ्यानं बोलू नका, घरातल्या कपड्यांत दारात बसू नका, अशा सूचना ‘डिफेंडर’ छापत असे. ज्या वर्तमानपत्रानं बोलावलं तेच आता शिष्टाचार शिकवत होतं. आपल्या मोहल्ल्यातले शरीफ लोक नव्या आलेल्या मजूर कुटुंबांबद्दल जे बोलतात, त्याचा सूर वेगळा नसतो.

आणि माझं स्वतःचं. माझ्या माहेरच्या घराला वरच्या मजल्यावर दोन खोल्या आहेत. घर भावाच्या आणि माझ्या नावावर. याच उन्हाळ्यात त्या रिकाम्या झाल्या. सरकारी दवाखान्यातली एक नर्स विचारायला आली. बौद्ध, एकटी, रात्रपाळी करणारी. भावाचा मला फोन आला, “आपा, बाई चांगली वाटते, पण मोहल्ल्यात लोक काय म्हणतील? आपल्यातलंच कुणी बघूया.” मी म्हणाले, “बघू.” तो ‘बघू’ माझा होता. मला नकार देणाऱ्या त्या पाच लोकांनीही काही शिवी दिली नव्हती. त्यांनीही ‘बघू’च म्हटलं होतं.

शेवटी आम्हाला घर मिळालं ते मुस्लिम वस्तीतच, शाळेपासून चार किलोमीटरवर, आणि जे भाडं ठरवून मी निघाले होते त्याहून दीड हजार रुपये जास्त. शेजार छान आहे. इफ्तारीच्या वेळी भांडी भरून येतात. गच्चीवर संध्याकाळी पोरं कव्वाली लावतात. इथे राहून मला हार्लेमची ऊब कळते. पण भाड्याच्या मैफलींचं फार कौतुक करू नये, असं मला वाटतं. त्या बायकांनी अडचणीतून उत्सव उभा केला हे खरं. तरी त्यातल्या कुणालाही विचारलं असतं, की कार्डं छापायची की वाजवी भाडं भरून शनिवारी निवांत झोपायचं, तर उत्तर काय आलं असतं हे मी सांगू शकते.

मुलानं प्रकल्प पूर्ण केला. मुखपृष्ठावर नाचणाऱ्या मुलींचं चित्र त्यानं ठेवलं, पण शेवटच्या पानावर हार्लेममधल्या एका भाड्याच्या मैफलीचं कार्ड लावलं आणि खाली लिहिलं, ‘वादक इथे राहत होते.’

त्याच रात्री मी भावाला फोन केला. तो आधी गप्प राहिला. ती शांतता मी आता चांगलीच ओळखते. मग म्हणाला, “लोक बोलतील, आपा.” मी म्हणाले, “बोलू देत. आधीच्या भाडेकरूकडून जे भाडं घेत होतो तेच घ्यायचं, एक रुपया जास्त नाही.”

नर्सबाई जुलैपासून वर राहतात. भावाची बायको सांगत होती, रात्रपाळीहून आल्या की त्या दुपारपर्यंत झोपतात, म्हणून ती आता जिन्यात मिक्सर लावत नाही.